ट्रायसेप्स आहे का?

आमच्या हॉलमध्ये माणसांना अपूर्णांकात हाक मारतात. "ए दीड, आत ये." "अडीच कुठे गेला?" "त्यांच्या साडेचारला सोडू नका, तो उजवीकडूनच येणार." हे आहेत व्हीलचेअर बास्केटबॉलच्या वर्गीकरणातले गुण. खुर्चीत बसून शरीरावर ज्याचा ताबा सर्वांत कमी त्याला १, सर्वांत जास्त त्याला ४.५, आणि मधले टप्पे अर्ध्या-अर्ध्या गुणाचे. कोर्टावर एका संघाचे पाच जण असतात आणि त्या पाचांची बेरीज १४ च्या वर जाऊ द्यायची नाही. त्यामुळे बदली खेळाडू उतरवताना सर आधी तोंडातल्या तोंडात बेरीज करतात, मग हाक मारतात.

मी साडेचार. एक पाय गुडघ्याखाली नाही; कंबर, पोट, पाठ शाबूत. खुर्चीतून मी दोन्ही बाजूंना पूर्ण वाकते, दोन्ही हात सोडून चेंडू डोक्यावर धरते. आमच्यातला एक गुणवाला पुढे झुकला, तर सरळ व्हायला त्याला मांडीवर हात रेटावा लागतो. हॉलच्या बाहेर आम्हां दोघांना एकच शब्द आहे. आधी तो अपंग होता, आता दिव्यांग आहे, आणि सभेत बोलणारा माणूस तो उच्चारताना आवाज जरा मऊ करतो. हॉलमध्ये मात्र त्याच्या-माझ्यात साडेतीन गुणांचं अंतर आहे आणि ते शेजारच्या पोरालाही तोंडपाठ आहे. मला या अचूकपणाचं फार मोल वाटतं. मऊ शब्द माझ्याकडून काही मागत नाही. 'साडेचार' मागतो. रिबाउंड तुझा, बचावात शेवटी तू, आणि उंच चेंडू सुटला तर बोलणी तुलाच बसणार.

एक गुणवाल्याकडून काय मागतात, ते प्रेक्षकांना सहसा दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. समोरच्यांनी बास्केट केली किंवा चेंडू गमावला, की सगळे आपापल्या बाजूला धावतात. त्या क्षणी आमचा एक गुणवाला आपली खुर्ची समोरच्या सर्वांत धिप्पाड खेळाडूच्या वाटेत आडवी घालतो. चाकाशी चाक भिडतं, रबराचा वास येतो. "धर, धर, सोडू नको!" असं बाकावरून सगळे ओरडत असतात. याला पिक म्हणतात. धिप्पाड गडी चार सेकंद अडकला, तर पुढच्या चालीत समोरच्यांचा एक माणूस कमी असतो आणि आमच्यापैकी कुणीतरी मोकळी बास्केट करतं. फलकावर दोन गुण त्याच्या नावावर लागतात. पण आमच्या बाकावर तेव्हा टाळी पडते ती "काय पिक लावलाय!" म्हणून. ज्याने पाहिलं त्याला कळतं.

आमच्या दीडला समोरच्याची चाल आधी कळते. तो कोर्टाच्या मधूनच ओरडून सांगतो, "डावीकडे जाणार, डावीकडे!" आणि ते खरं ठरतं. त्याचं नाव अर्थातच दीडशहाणा पडलं. बाहेर ही शिवी असेल. इथे नवीन मुलं त्याच्याकडे जाऊन विचारतात, "शहाणे, हे कसं ओळखता?"

मागे एक मुलगा पहिल्यांदा आला, सोबत त्याची आई होती. अपघाताला फार दिवस झालेले नव्हते. मुलगा रुग्णालयातून मिळालेल्या जड खुर्चीत बसला होता, हात मांडीखाली. दीडशहाण्याने खुर्ची त्याच्यासमोर आणून ब्रेक लावला आणि नावगाव न विचारता म्हणाला, "लेव्हल?"

"टी-दहा."

"कम्प्लीट?"

"हो."

"म्हणजे हात पूर्ण, वरचं पोट थोडं. चांगलंय. पोट आवळ बघू. आवळतंय का?"

आई मध्ये पडली. "अहो, त्याला असं काय विचारताय?" तिचं बरोबरच होतं. तोपर्यंत तिला भेटलेल्या प्रत्येकाने "कसं झालं हो?" एवढंच विचारलं होतं आणि ते तिने पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. दीडशहाणा तिला म्हणाला, "काकू, पाठीला आधार किती उंच लागेल ते यावरून ठरतं. कमी पडला तर पोरगा पडेल, जास्त झाला तर त्याला वळता येणार नाही." मग मुलाकडे वळून, "दोन तरी होशील. बस इकडे." अर्ध्या तासाने तो मुलगा खेळाच्या खुर्चीत पट्टे आवळून बसला होता. त्या खुर्चीची चाकं खाली फाकलेली असतात. त्या फाकेला कॅम्बर म्हणतात आणि त्यामुळे खुर्ची जागच्या जागी भिरकन वळते. तो नुसता गोल गोल फिरत राहिला.

आमचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: काय चालतं? मणक्याची दुखापत असेल तर लेव्हल, म्हणजे इजा कितव्या मणक्याशी आहे, ते विचारायचं; कम्प्लीट म्हणजे त्याखालचं सगळं बंद. सी म्हणजे मान, टी म्हणजे छातीमागचा भाग, एल म्हणजे कंबर. पुढे स्नायू विचारायचे. मानेची दुखापत झालेले, म्हणजे क्वाड, व्हीलचेअर रग्बी खेळतात, आणि त्यांच्यात "ट्रायसेप्स आहे का?" हा प्रश्न "कसा आहेस?" इतक्या सहज विचारला जातो. सी-सहाला दुखापत पूर्ण असेल तर कोपर वाकतं, पण ताठ करणारा स्नायू, म्हणजे ट्रायसेप्स, सहसा साथ देत नाही. सी-सातला तो येतो. तो एक स्नायू असला, तर खुर्चीतून पलंगावर स्वतःला उचलून घेणं जमू शकतं, चेंडू लांब फेकता येतो. "आहे, पण डावा थोडा" या उत्तरात त्या माणसाचा अख्खा दिवस कसा जातो ते कळतं, आणि कुणालाही हळहळावं लागत नाही.

या अचूकपणावर कधी कधी जीव अवलंबून असतो. 'एडी', म्हणजे ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, हा आमच्या हॉलमधला सर्वांत गंभीर शब्द आहे. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मणक्याला इजा झालेल्या माणसाच्या शरीरात इजेच्या खाली काही खुपलं, लघवीची नळी मुडपली, पट्टा रुतला, तर ते त्याला जाणवत नाही. पण रक्तदाब एकदम उसळतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. "एडी!" असं कुणी म्हटलं की खेळ थांबतो. त्याला सरळ बसवायचं, पट्टे सैल करायचे, नळी बघायची, आणि तरीही उतरलं नाही तर तडक डॉक्टर. त्या वेळी "बरं वाटत नाहीये" असं मोघम बोलून चालत नाही.

पाय नसलेल्यांची बोली वेगळी, जरा घरगुती. "आज किती प्लायवर आहेस?" हे आमचं हवापाणी. कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे खोबणीत, स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, बसवताना वर मोजे चढवतात. त्यांची जाडी प्लायमध्ये मोजतात. स्टंप दिवसभरात आकसतो. सकाळी एक प्लायवर घट्ट बसलेला पाय संध्याकाळी तीनवर जातो, कुणाचा पाचवर. पाचवर गेलेली व्यक्ती चिडचिडी असते हे सगळ्यांना माहीत, म्हणून तिच्याशी वाद घालत नाहीत. "माझा पाय बघितलास का?" हा प्रश्न कपडे बदलायच्या खोलीत रोजचा. तिथे भिंतीला टेकून पाय उभे असतात, चालायचे, पळायचे, एखाद्यात बूट तसाच. एकाच्या गुडघ्यात संगणकीय चिप आहे, तो गुडघा रात्री चार्ज करावा लागतो. "उशीर का झाला?" "पाय चार्जिंगला होता." आणि नसलेल्या पावलाची बोटं दुखायला लागली की आम्ही म्हणतो, भूत आलंय. त्यावर कुणी तत्त्वज्ञान सांगत नाही. स्टंप चोळायला जागा करून देतात.

बाहेरचे शब्द मात्र आमच्यापर्यंत पोचतातच. "अपंगत्वावर मात", "नियतीला हरवलं", "व्हीलचेअरला खिळलेली जिद्द". हे मथळे चांगल्या मनाने लिहिलेले असतात, ते मी कधीही नाकारणार नाही. पण खिळलेली? आम्ही कमरेला, मांड्यांना, पावलांना पट्टे लावून स्वतःला खुर्चीशी बांधून घेतो, आणि "अजून आवळ, ढिला आहे" असं एकमेकांना सांगतो. कंबर वळली की खुर्ची त्याच क्षणी वळावी म्हणून. आमच्या एका सामन्याचं वर्णन एकदा छापून आलं, त्यात कुणाचा अपघात कसा झाला हे दोन परिच्छेद होतं आणि अंतिम गुणसंख्या नव्हती. बाकावर तो कागद फिरला. आमचा अडीच एवढंच म्हणाला, "आपण जिंकलो की हरलो?" तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. त्या दिवशी शेवटच्या मिनिटाला दोन्ही फ्री थ्रो त्याने घातले होते.

ऑस्ट्रेलियाची पत्रकार आणि विनोदी कलाकार स्टेला यंग स्वतः व्हीलचेअर वापरायची. अपंग माणूस नुसता जगत असला तरी त्याचं चित्र करून इतरांना स्फूर्ती देण्याच्या या सवयीला तिने 'इन्स्पिरेशन पॉर्न' हे नाव रूढ केलं. शब्द झोंबणारा आहे, आणि तसाच असायला हवा होता. ती २०१४ साली गेली. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या आधी आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने खेळाडूंच्याच तोंडून एक मोहीम चालवली: आम्ही पॅरिसमध्ये 'सहभागी' होणार नाही, आम्ही स्पर्धा करणार आहोत. दोन्ही वेळा मागणं एकच होतं, आमच्याकडून खेळाडू म्हणून अपेक्षा ठेवा.

'पॅरा' हा शब्द आज सगळीकडे सन्मानाने लावला जातो, पण त्याचा उगम रुग्णालयातला. २९ जुलै १९४८ या दिवशी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत असतानाच, डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात १६ जखमी सैनिकांची, स्त्रिया आणि पुरुष दोघांचीही, तिरंदाजी स्पर्धा घेतली. ती माणसं पॅराप्लेजिक, म्हणजे मणक्याच्या इजेने पाय लुळे पडलेली, होती, आणि पॅरालिम्पिकमधला पॅरा तिथला. 'ऑलिंपिकला समांतर' हा अर्थ नंतर अधिकृत झाला. हॉलमध्ये अजूनही जुनाच अर्थ चालतो: "तो पॅरा आहे की क्वाड?"

रग्बीवाल्यांनी तर स्वतःच स्वतःचं नाव ठेवलं होतं. १९७७ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये काही क्वाड मित्रांनी हा खेळ शोधला, कारण बास्केटबॉलमध्ये त्यांच्या वाट्याला फारसा चेंडू येत नसे. नाव ठेवलं मर्डरबॉल. खुर्च्या मुद्दाम एकमेकांवर आदळायच्या, हाच खेळ. पुढे नाव सौम्य झालं, २००० साली सिडनीत पदकांसह पॅरालिम्पिकमध्ये आला. इथेही गुण आहेत, ०.५ पासून ३.५ पर्यंत, चौघांची बेरीज जास्तीत जास्त ८. स्त्रिया आणि पुरुष एकाच संघात खेळतात आणि कोर्टावरच्या प्रत्येक स्त्रीमागे संघाला अर्धा गुण जादा मिळतो. धडकेने खुर्ची उलटली, तर पट्ट्यांनी बांधलेला खेळाडू खुर्चीसकट आडवा होतो. प्रेक्षक श्वास रोखतात. आत मात्र कुणीतरी विचारतं, "उचलू?" आणि "थांब" असं उत्तर आलं तर थांबतात. विचारल्याशिवाय कुणाच्याही खुर्चीला हात लावायचा नाही, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. रस्त्यावर मात्र अनोळखी माणसं मागून येऊन खुर्ची ढकलू लागतात.

आमची बोली सगळी सोन्यासारखी आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यात उतरंड आहे. वरच्या गुणांचे लोक चिडले की खालच्या गुणवाल्याला "तू नुसता अडसर" म्हणतात, आणि ते हसण्यावारी नेलं तरी लागतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांचं बोलणं समजायला वेळ लागतो, म्हणून त्यांची वाक्यं दुसरेच पुरी करून टाकतात; हे बाहेर जितकं होतं तितकंच आतही होतं. "नाटक करतोय" हा आरोप तर विषारी आहे. वर्गीकरणाच्या चाचणीत मुद्दाम कमी जोर लावला असा त्याचा अर्थ. तो हवेतून आलेला नाही: २००० साली सिडनीत बौद्धिक अपंगत्वाच्या गटातलं बास्केटबॉल सुवर्णपदक जिंकलेल्या स्पेनच्या १२ जणांपैकी १० जणांना ते अपंगत्व नव्हतंच, पदक परत घेतलं गेलं, आणि त्या गटाला पुन्हा पॅरालिम्पिकमध्ये यायला २०१२ चं लंडन उजाडलं. बारा वर्षांची शिक्षा ज्यांनी भोगली ते खरे खेळाडू होते. तरीही हा शब्द कुणाला कुजबुजत लावावा हे मला मान्य नाही. शंका असेल तर तक्रारीची रीत आहे.

आणखी एक शब्द मला सहन होत नाही: बूस्टिंग. ऐकायला एखाद्या सरबतासारखा. ज्यांच्या हृदयाचा वेग दुखापतीमुळे पुरेसा वाढत नाही, ते लघवी तुंबवून किंवा पट्टे रुतवून मुद्दाम एडी घडवून आणतात, म्हणजे रक्तदाब चढतो आणि वेग मिळतो. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने त्यावर बंदी घातली आहे, कारण त्यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा गोष्टीला इतकं हलकंफुलकं नाव असू नये.

आमच्या संघातल्या एका मुलीने गुणाने हाक मारण्यालाही हद्द घालून दिली. "कोर्टावर एक म्हणा. कोर्टाबाहेर माझं नाव घ्या." पहिले काही दिवस लोक विसरायचे, ती उत्तर द्यायची नाही. आता विसरत नाहीत.

इतर खेळांत गेले की जाणवतं, काही ठिकाणी शब्द हाच नियम असतो. अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडू अडवायला जाणाऱ्याने मोठ्याने "वॉय!" म्हणायचं. स्पॅनिशमधला शब्द, मी येतोय. न म्हणता गेलात तर फाउल. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सावध करणं हे तुमचं कर्तव्य. कोण कुठे बोलू शकतो हेही ठरलेलं आहे: मैदानाचे तीन भाग, बचावाच्या भागात डोळस गोलरक्षक बोलतो, मधल्या भागात प्रशिक्षक, आणि चढाईच्या भागात समोरच्या गोलमागे उभा राहिलेला गाइड. चेंडू पुढे सरकतो तसा आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जातो. अंधांच्याच गोलबॉलमध्ये चेंडूत घुंगरं असतात, म्हणून पंच सुरुवातीला सगळ्या हॉलला शांत बसवतात आणि खेळाडू जमिनीवर टिचक्या मारून एकमेकांना जागा सांगतात. ट्रॅकवर दोरीने जोडलेला गाइड अंध धावकाच्या कानाशी "वळण… सरळ… वीस मीटर" इतकंच म्हणतो. रेषेवर त्याने धावकाच्या आधी पोचायचं नाही.

या सगळ्यांत मला बोचिया सर्वांत आवडतो. सहा लाल चेंडू, सहा निळे, एक पांढरा. पांढऱ्याच्या जवळ कोण जातं ते बघायचं. बीसी-३ गटात ज्यांना हाताने फेकता येत नाही ते उतरत्या रॅम्पवरून चेंडू सोडतात. रॅम्प हलवायला मदतनीस असतो, पुष्कळदा आई किंवा वडील. नियम असा, की मदतनीसाने कोर्टाकडे पाठ करून बसायचं. फेरी चालू असताना मागे वळून पाहायचं नाही, काही सुचवायचं नाही. खेळाडू सांगेल तेवढंच करायचं.

एका मायलेकींचा सामना मी बाजूला बसून पाहिला. मुलीचं बोलणं मला निम्मं कळत होतं. आईला सगळं कळत होतं. एरवी कपडे, औषधं, दवाखाने, सगळं आई ठरवत असणार. इथे आई भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसलेली, आणि मुलगी हुकूम सोडत होती. "डावीकडे. अजून. मागे. बास." आईने एकदा रॅम्प किंचित जास्त सरकवला. "बास म्हटलं ना!" आईने तो गुमान परत आणला. मुलीने डोक्याला बांधलेल्या दांडीने चेंडूला धक्का दिला, तो उतारावरून गेला आणि निळ्याला बाजूला सारून पांढऱ्याला चिकटला. हॉलमध्ये आरडाओरडा झाला. आईच्या पाठीला काही कळेना.

फेरी संपल्यावर ती वळली. "किती झाले?"

"पाच-दोन."

"कुणाचे पाच?"

"माझे," मुलगी म्हणाली. "तोंड तिकडे कर, पुढची फेरी आहे."